खोक्यातल्या स्लाइड्स संगणकावर घेताना

साधारण १९६० ते १९९० या काळात ज्या घरात कुणाला फोटोग्राफीचा नाद होता, त्या घराच्या माळ्यावर अजूनही एखादं खोकं सापडतं. आत पिवळ्या डब्या असतात आणि डब्यांत पुठ्ठ्याच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेल्या दोन इंची चौकोनी स्लाइड्स. काही अमेरिकेला शिकायला गेलेल्या काकांनी काढलेल्या, तिथला बर्फ आणि पहिली गाडी घरच्यांना दाखवायची म्हणून. काही सह्याद्रीतले किल्ले पालथे घालणाऱ्यांनी काढलेल्या, काही देवळं, लेणी, पक्षी, रानफुलं यांच्या अभ्यासकांनी व्याख्यानांसाठी काढलेल्या. सभागृहात पडद्यावर मोठं रंगीत छायाचित्र दाखवायचं तर तेव्हा स्लाइडसारखा सोयीचा दुसरा मार्ग नव्हता. म्हणून हौशी आणि अभ्यासू अशा दोन्ही प्रकारच्या माणसांचं उत्तम काम या चौकटींत अडकून पडलं आहे. अल्बम निदान अधूनमधून कुणी तरी उघडतं. स्लाइड्स मात्र प्रोजेक्टर बिघडला त्या दिवसापासून कुणी पाहिलेल्याच नसतात.

त्या आता संगणकावर घ्यायच्या असं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘स्कॅनर कोणता घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न असा, की या स्लाइड्समध्ये कोण आहे आणि गाव कुठलं आहे हे सांगू शकेल असं माणूस घरात कोण आहे? आणि दुसरा, यातल्या खरोखर घ्यायच्या कोणत्या? कोरड्या जागी ठेवलेली स्लाइड आणखी पाच वर्षं थांबेल, पंच्याऐंशीच्या आत्याची आठवण थांबेलच असं नाही. आधी यंत्र आणून जो जो डबा हाताला लागेल तो स्कॅन करत सुटलं, की वर्षभरानं नावगाव नसलेल्या शेकडो फाइल्स साठतात. माळ्यावरच्या खोक्यातही त्या अनोळखी होत्या, हार्ड डिस्कवरही अनोळखीच राहतात. म्हणून या लेखात स्कॅनर मुद्दाम त्या दोन प्रश्नांनंतर येतो.

आधी नुसत्या बघा

बघण्यासाठी जुना प्रोजेक्टर दुरुस्त करून घ्यायचा मोह होतो, तो आवरावा. प्रोजेक्टरच्या दिव्याची उष्णता आणि प्रखर उजेड या दोन्हींनी स्लाइडचे रंग उडतात. कोडाक्रोम ही फिल्म अंधारात वर्षानुवर्षं उत्तम टिकते, पण प्रोजेक्टरच्या उजेडात तीच इतरांपेक्षा लवकर फिकी पडते. शिवाय इतकी वर्षं पडून असलेल्या यंत्राची वायर, पंखा, स्लाइड पुढे सरकवणारी यंत्रणा यांचा भरवसा नाही. पंखा बंद आणि दिवा चालू अशी वेळ आली, तर आत अडकलेली स्लाइड काही क्षणांत वाकडी होते.

त्याऐवजी चित्रकलेचे विद्यार्थी ट्रेसिंगसाठी वापरतात तसं एलईडी पॅनल घ्या. ते नसेल तर टॅबलेटवर कोरा पांढरा पडदा उघडून उजेड पूर्ण वाढवा. एक आठ किंवा दहा पट दाखवणारं भिंग घ्या. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि स्लाइड फक्त चौकटीच्या कडांना धरा. एवढ्या साधनांवर एका संध्याकाळी एक मोठा डबा बघून होतो.

स्लाइडला दोन बाजू असतात. ट्यूबलाइटखाली ती तिरपी धरा. एक बाजू गुळगुळीत चकचकीत दिसेल, ती फिल्मचा पाया. दुसरी थोडी मंद दिसेल, त्या बाजूला रंगांचा थर असतो. कोडाक्रोम असेल तर या मंद बाजूवर चित्राचे उंचसखल कंगोरे स्पष्ट दिसतात. गडद भाग आणि उजळ भाग यांच्या सीमेवर थर चढल्या-उतरल्यासारखा वाटतो. चौकटीवरचं नाव पुसलं असलं तरी या एका खुणेवरून कोडाक्रोम ओळखता येते, आणि ती ओळखणं पुढे स्कॅन करताना फार कामाला येतं. चकचकीत बाजू आपल्याकडे असेल तेव्हा चित्र सुलटं दिसतं. शंका आली तर दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, एसटीवरचं गावाचं नाव वाचून बघा. पाटी नसेल तर पदरावर जाऊ नका. पाचवारीचा पदर डाव्या खांद्यावर असतो हे खरं, पण गुजराती पद्धतीनं नेसलेल्या साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो.

चौकटीवर जे काही लिहिलं, छापलं किंवा उमटवलं असेल ते वाचा आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. हे काम बहुतेक सगळे वगळतात, आणि नेमकं तेच परत मिळत नाही. कोडॅकच्या बऱ्याच चौकटींवर फिल्म कोणत्या महिन्यात धुतली त्या महिन्या-वर्षाचा शिक्का असतो. फोटो त्याच्या आधी केव्हातरी काढलेला, एवढं त्यावरून पक्कं होतं. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं ‘रायगड, मे ७१’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असलं, तर तारखेसोबत लिहिणाऱ्याचं हस्ताक्षरही तुमच्याकडे येतं. कोपऱ्यात आकडा असेल तर तो व्याख्यानातला किंवा प्रोजेक्टरच्या ट्रेमधला क्रम असू शकतो. तो क्रम मोडू नका. देवळांच्या अभ्यासकानं कोणत्या चित्रानंतर कोणतं दाखवलं, यात त्याचा विचार असतो.

तारीख कुठेच नसेल तर चित्रातच शोधा. मुंबईतली ट्राम दिसली तर फोटो १९६४ च्या मार्चअखेरच्या आधीचा. मारुती ८०० दिसली तर १९८३ च्या डिसेंबरनंतरचा. गाडीच्या पाटीवर ‘एमएच’ आणि पुढे जिल्ह्याचा आकडा असेल तर तो १९८९ च्या आसपास किंवा त्यानंतरचा, कारण त्याआधी महाराष्ट्रातल्या गाड्यांना एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची.

कोणत्या घ्यायच्या

सगळ्या घेऊ नका, हे मी आग्रहानं सांगतो. चांगल्या प्रतीचा एक स्कॅन, धूळ काढणं आणि नाव देणं धरून, सहज पाच-सात मिनिटं खातो. हजार स्लाइड्स म्हणजे शंभर तासांची बात झाली. घरातला माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळतो आणि सगळ्यात महत्त्वाचे डबे तसेच राहतात. पाचातली एक नीट घेतलेली बरी.

निवडताना सुंदर दृश्यांना सहसा मागे ठेवा. नायगारा, आयफेल टॉवर, कन्याकुमारीचा सूर्यास्त यांची याहून चांगली चित्रं जगात हवी तितकी आहेत. पण त्याच सहलीत मोटेलच्या खोलीत स्टोव्हवर पोहे करणारी काकू दुसरीकडे कुठेच नाही. घराचं स्वयंपाकघर, अंगण, वाड्याचा दरवाजा, गल्ली, बाजार, शाळेचा वर्ग, कामाची जागा, लग्नातली पंगत आधी घ्या. जी ठिकाणं आता तशी उरली नाहीत ती तर सगळ्यात आधी. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यात गेलं. पाणी खूप उतरलं तरच ते उघडं पडतं. त्या परिसराची धरणाआधीची एखादी साधी, थोडी अस्पष्ट स्लाइड कुणाकडे असेल, तर तिचं मोल घरापुरतं राहत नाही. गडांवरच्या दुरुस्त्यांपूर्वीच्या तटबंद्या, रुंदीकरणाआधीचे रस्ते, पाडलेले वाडे यांचंही तेच.

स्लाइड फिल्मवर चूक खपत नसे, म्हणून जाणकार छायाचित्रकार एकच दृश्य कमी-जास्त उजेडानं दोन-तीनदा टिपत. अशा जोड्या सापडल्या तर फार उजळ असलेली बाजूला ठेवा. स्लाइडमध्ये पांढऱ्याफटक पडलेल्या भागात काहीच उरलेलं नसतं. किंचित गडद स्लाइडच्या सावल्यांतून मात्र चांगला स्कॅन बरंच काही वर काढतो.

विचारून घ्या, आणि रेकॉर्ड करा

निवडलेल्या स्लाइड्स पॅनलवर ठेवून मोबाइलनं त्यांचे कच्चे फोटो काढा आणि त्यांना क्रमांक द्या. हे फक्त दाखवण्यापुरते, त्यांच्या दर्जाची काळजी नको. ते टीव्हीवर लावा आणि घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसवा. भिंग धरून दोन इंची चौकटीत डोकावणं ऐंशीच्या घरातल्या डोळ्यांना जमत नाही, टीव्हीवर मात्र मागच्या रांगेतला चेहरासुद्धा ओळखू येतो.

शेजारी दुसरा मोबाइल आवाज रेकॉर्ड करायला ठेवून द्या. प्रत्येक चित्राआधी त्याचा क्रमांक मोठ्यानं म्हणा, म्हणजे नंतर कोणतं बोलणं कोणत्या चित्राचं हे शोधत बसावं लागत नाही. ‘हे कोण?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘फोटो कुणी काढला?’, ‘हे घर आता कुणाकडे आहे?’, ‘ही बाई कडेला का उभी आहे?’ असं विचारा. ‘ती रमाची नणंद, त्या वर्षी माहेरी परत आली होती’ असं एखादं वाक्य येतं आणि एका चेहऱ्यामागचं घर उलगडतं. एका बैठकीत तीस-चाळीस चित्रं पुरे. त्यापुढे माणूस थकतो आणि नुसतं ‘हो हो’ म्हणायला लागतो. दोन बहिणींची एका चित्राबद्दल दोन मतं असतील तर दोन्ही लिहून ठेवा, निवाडा नंतर होईल.

धूळ आणि बुरशी

खोकं उघडायचा उत्तम काळ दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा, हवा कोरडी असते तेव्हाचा. जुलैत मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात डबे उघडून टेबलावर मांडून ठेवणं म्हणजे स्लाइड्सना पावसाळी हवा खाऊ घालणं. पावसातच करायची वेळ आली तर वातानुकूलित खोलीत करा आणि रोजचं काम संपलं की डबा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट बंद करा.

धूळ उडवायला रबरी फुग्याचा ब्लोअर, कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळतो तोच. फुग्यानं जाणार नाही ते अगदी मऊ ब्रशनं. तोंडानं फुंकू नका, थुंकीचा सूक्ष्म थेंबही डाग पाडतो. सुती रुमाल, शर्टाची बाही, चष्मा पुसायचं फडकं यांपैकी काही नको. फिल्मवर ओरखडा पडला की तो कायमचा.

बुरशी हा आपल्या हवेतला खरा शत्रू. रंगांचा थर जिलेटिनचा असतो आणि बुरशी तेच खाते. भिंगातून बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे फांद्या फुटलेले धागे दिसतात. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बुरशी लागलेल्या स्लाइडला पाणी लावायचं नाही. बुरशीनं पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं आणि बुरशीसोबत चित्रही निघून येतं. पाण्याचा अंश जवळजवळ नसलेलं शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा फिल्म स्वच्छ करायचं खास द्रावण वापरतात. पण तेही आधी एखाद्या बिनमहत्त्वाच्या स्लाइडवर, कापसाचा बोळा हलक्या हातानं फिरवून, आणि मोजक्याच वेळा. धागे थरात खोल गेले असतील तर हात लावू नका. आहे तशी स्कॅन करा आणि डाग संगणकावर काढा. बुरशी लागलेल्या स्लाइड्स वेगळ्या डब्यात ठेवा.

काही शिस्तशीर लोकांनी स्लाइड्स काचेच्या दोन पट्ट्यांत बसवून ठेवलेल्या असतात. काचेनं फिल्म सपाट राहते, पण आत अडकलेल्या ओलाव्यानं बुरशीही फोफावते, आणि स्कॅन करताना काच आणि फिल्म जिथे टेकतात तिथे इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. चौकट सहज उघडत असेल तर फिल्म काढून बिनकाचेच्या प्लॅस्टिक चौकटीत बसवा. फिल्म काचेला चिकटली असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.

खोक्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्मचा ॲसिटेटचा पायाच कुजायला लागला आहे असं समजा. त्या डब्याचा क्रम सगळ्यांच्या आधी लावा आणि तो बाकीच्यांपासून दूर ठेवा. आणि खोक्यात एखादा न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला तर त्यातून रंगीत चित्र मिळण्याची आशा धरू नका. कोडॅकनं ही फिल्म २००९ मध्ये बंद केली. ती धुणारी जगातली शेवटची लॅब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली ड्वेन्स फोटो, हिनंही २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणं थांबवलं. कृष्णधवल पद्धतीनं धुऊन काहीतरी हाती लागू शकतं, तेवढंच.

आता स्कॅनर

पर्याय तीन, स्वतःचा स्कॅनर, कॅमेऱ्यानं स्लाइडचा फोटो, किंवा लॅब.

घरात कागदपत्रांसाठी असतो त्या साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्लाइड घेता येत नाही. स्लाइडच्या आरपार उजेड जावा लागतो, म्हणून झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड लागतो. एप्सनचा व्ही ६०० हा त्यातला प्रसिद्ध. तो एका वेळी चार स्लाइड्स घेतो, वरच्या श्रेणीतला व्ही ८५० बारा घेतो. दुसरा प्रकार फक्त फिल्मसाठी बनवलेल्या छोट्या स्कॅनरचा, जसे प्लसटेक कंपनीचे. यात पट्टी हातानं सरकवावी लागते, काम हळू होतं, पण तपशील फ्लॅटबेडपेक्षा स्पष्टपणे जास्त मिळतो. निकॉनचे कूलस्कॅन हे या प्रकारातले नावाजलेले स्कॅनर आता बनत नाहीत. एखाद्या मित्राकडे चालू स्थितीत असेल तर मागून आणा. व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर अशा जुन्या यंत्रांना आजच्या संगणकावरही चालवतं.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. व्ही ६०० वर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात मिळणारा तपशील त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असतो. मोठा आकडा निवडला की फाइल फुगते, चित्रातली पानं काही जास्त मोजता येत नाहीत. बाजारात छोटा पडदा असलेले, बटण दाबताच दोन सेकंदांत चित्र देणारे स्वस्त डबेही मिळतात. तो खरं तर डब्यात बसवलेला एक छोटा कॅमेरा असतो. कच्चे फोटो काढायला तो ठीक आहे, पण गडद सावल्या आणि उजळ आभाळ दोन्ही तो सांभाळत नाही, आणि स्लाइडची सगळी श्रीमंती त्या दोन टोकांत असते.

चांगल्या स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखण्याची सोय असते. फिल्मच्या रंगांतून इन्फ्रारेड आरपार जातात, धूळ आणि ओरखड्यांपाशी अडतात. त्यावरून यंत्र डाग कुठे आहेत हे समजून ते भरून काढतं. या सोयीनं तासन्‌तास वाचतात. मात्र कोडाक्रोमवर ती नीट चालत नाही, चित्राच्या कडाच तिला ओरखडे वाटू शकतात. कृष्णधवल फिल्मवर तर ती बंदच ठेवायची, कारण तिथे चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. म्हणूनच सुरुवातीला कोडाक्रोम वेगळ्या काढून ठेवायच्या.

कॅमेरा असेल तर

घरात भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेरा असेल, तर शेकडो स्लाइड्ससाठी मला हाच मार्ग सर्वांत चांगला वाटतो. मांडणी एकदा जमली की एका स्लाइडला काही सेकंद पुरतात. लागतं ते असं, चित्र प्रत्यक्ष आकाराइतकं टिपणारं मॅक्रो भिंग, न हलणारा स्टँड आणि रंग खरे दाखवणारं एलईडी पॅनल. पॅनल घेताना त्यावरचा सीआरआय आकडा ९५ च्या वर आहे ना ते बघा, साध्या दिव्यात त्वचेचे रंग हिरवट येतात.

पॅनल आडवं ठेवा, त्याच्या तीन-चार सेंटिमीटर वर स्लाइड टेकवायला आधार करा आणि कॅमेरा बरोबर वर, खाली तोंड करून लावा. स्लाइड थेट पॅनलवर ठेवली तर पॅनलवरची धूळ आणि ठिपकेही चित्रात येतात. स्लाइडभोवतीचा सगळा उजेड काळ्या कागदानं झाका आणि खोलीतले दिवे मालवा, नाहीतर भिंगात चमक येऊन चित्र धुरकट होतं. कॅमेरा आणि स्लाइड समांतर आहेत की नाही हे बघायची एक सोपी युक्ती आहे. स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत कॅमेरा सरळ करत राहा. मग आयएसओ १००, छिद्र एफ ८ च्या आसपास, फोकस हातानं आणि पडद्यावर मोठं करून, शटर दोन सेकंदांच्या टायमरवर. फाइल रॉ प्रकारची घ्या. पांढरे ढग आणि पांढरे सदरे जळू नयेत एवढाच उजेड ठेवा. पुठ्ठ्याच्या चौकटीतली फिल्म मध्यभागी फुगलेली असते, तेव्हा दर काही स्लाइड्सनंतर फोकस पुन्हा तपासा.

लॅबकडे द्यायच्या असतील तर आधी पाच स्लाइड्स द्या आणि निकाल स्वतःच्या संगणकावर मोठा करून बघा. त्या पाचांत एक गडद, एक लालसर पडलेली आणि एक कोडाक्रोम असू द्या. कोणत्या यंत्रावर करणार, किती डीपीआय, फाइल टिफ की जेपेग, धूळ आधी हातानं काढणार का, आणि स्लाइड्स शहराबाहेर पाठवणार का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसरीकडे जा. नेऊन द्यायच्या त्या क्रमांक घालून आणि मोजून, आणि परत घेताना त्यांच्यासमोरच मोजायच्या.

किती मोठी फाइल

पस्तीस मिलिमीटर फिल्मवरचं चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचं असतं. ४००० डीपीआयनं घेतलं तर साधारण ५६७० बाय ३७८० म्हणजे २१ मेगापिक्सेलचं चित्र मिळतं. २४०० डीपीआयनं पावणेआठ मेगापिक्सेलच्या आसपास, जे टीव्हीवर बघायला आणि लहान छपाईला पुरतं. हातानं धरून काढलेल्या घरगुती स्लाइडमध्ये ४००० च्या पुढे शोधण्यासारखं फारसं काही नसतं. माझा सल्ला असा, की यंत्र खरोखर देत असेल तर ३२०० ते ४००० वर थांबा. ४००० डीपीआयची, १६ बिटची टिफ फाइल सुमारे १२९ मेगाबाइटची होते, म्हणजे पाचशे स्लाइड्सना ६५ जीबीच्या आसपास जागा. आजच्या हार्ड डिस्कच्या मानानं ही काही मोठी जागा नाही. रंग फार बिघडलेल्या स्लाइड्स १६ बिटमध्येच घ्या, कारण पुढे रंग ओढताना ८ बिटच्या फाइलमध्ये आभाळात पट्टे दिसायला लागतात.

लालसर झालेले रंग

कोडॅकच्याच एक्टाक्रोम आणि इतर कंपन्यांच्या जुन्या स्लाइड्समधले तिन्ही रंग एकाच वेगानं उडत नाहीत, म्हणून चित्र बहुधा लालसर किंवा जांभळट होतं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ई-६ ही धुण्याची पद्धत आली, तेव्हापासूनच्या स्लाइड्स त्यामानानं बऱ्या टिकल्या आहेत. उडालेला रंग स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘रिस्टोअर कलर्स’सारख्या सोयीनं बराच परत येतो. त्यानं भागलं नाही तर लाल, हिरवा आणि निळा यांचे स्तर वेगवेगळे सरळ करा. सुरुवात चित्रात जे नक्की पांढरं किंवा राखाडी असणार त्यापासून करा, जसं धोतर, गांधी टोपी, सिमेंटचा रस्ता. तो भाग निर्मळ झाला की बाकीचे रंग आपोआप जागेवर येऊ लागतात. कोडाक्रोमचं उलटं. ती स्वतः ठणठणीत असते, पण इतर स्लाइड्सच्या सेटिंगवर स्कॅन केली तर निळसर दिसते. सॉफ्टवेअरमध्ये कोडाक्रोम असा पर्याय असेल तर तो निवडा.

सुधारणा नेहमी प्रतीवर करा. यंत्रातून आली ती फाइल तशीच वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला कधीही हात लावू नका. रंग चढवताना जुन्या फोटोला आजच्या मोबाइलच्या फोटोसारखा भडक करायचा मोह होतो. दुपारच्या उन्हातली कौलं आणि माती त्या फिल्मनं ज्या रंगात टिपली, त्या रंगाच्या जवळ थांबावं.

नावं, तारखा, प्रती

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग ठिकाण, मग क्रमांक ठेवा, ‘१९७१-०५-रायगड-०१७’ असं. त्या क्रमानं फाइल्स आपोआप कालानुक्रमे लागतात. वर्ष नक्की नसेल तर ‘१९७०-दशक’ लिहा, अंदाज ठोकून देऊ नका. तोच क्रमांक मूळ स्लाइडच्या चौकटीवर मऊ पेन्सिलीनं घाला. प्लॅस्टिकची चौकट असेल तर फिल्मला चालणाऱ्या पेननं.

माणसांची नावं, नाती, ठिकाण आणि रेकॉर्डिंगमधला मजकूर फाइलच्या आतच, वर्णनाच्या रकान्यात लिहा. डिजिकॅमसारखी फुकट सॉफ्टवेअर हे काम करतात. वेगळ्या वहीत लिहिलेली यादी आणि चित्रं यांची कधी ना कधी ताटातूट होतेच. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रांग बनून उघडतं. फाइलमधली ‘फोटो काढल्याची तारीख’ही बदला, नाहीतर १९७१ चा रायगड मोबाइलच्या गॅलरीत कालच्या वाढदिवसाच्या केकशेजारी जाऊन बसेल.

प्रती तीन करा. एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे. हार्ड डिस्क कपाटात ठेवून विसरू नका, वर्षातून एकदा जोडून चार-दोन फाइल्स उघडून बघा. वीस वर्षांपूर्वी कुणी या स्लाइड्स सीडीवर घेतल्या असतील तर त्या सीडी आताच उतरवून घ्या, आणि त्यांतल्या फाइल्स लहान आकाराच्या निघाल्या तर महत्त्वाच्या स्लाइड्स पुन्हा स्कॅन करा. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो. आणि ग्रुपवर पाठवायचंच असेल तर एकदम दोनशे नकोत. रोज एक पाठवा, खाली ‘यातले डावीकडून तिसरे कोण?’ असं विचारून. अर्धी राहिलेली नावं अशी भरून निघतात.

मूळ स्लाइड्सचं काय

टाकू नका. स्कॅन ही आजच्या यंत्रानं केलेली एक प्रत आहे. उद्याचं यंत्र याच स्लाइडमधून आणखी काढील, पण स्लाइड असेल तरच. पीव्हीसीचे पाउच वापरू नका, ते काही वर्षांनी फिल्मला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची पानं किंवा मूळ डबे चालतात. डांबराच्या गोळ्या जवळ नकोत. माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसाळ्यात गळतो, म्हणून जागा माळ्यावर नको. राहत्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट सर्वांत बरं. सिलिका जेल टाकलं तर पावसाळा सुरू होण्याआधी ते गरम करून पुन्हा कोरडं करून घ्या. गड, देवळं, वनस्पती अशा विषयांचा मोठा संग्रह असेल आणि पुढच्या पिढीला त्यात रस नसेल, तर त्या विषयाच्या संशोधन संस्थेशी किंवा विद्यापीठाच्या विभागाशी यादी घेऊन बोला. नुसती खोकी घेऊन गेलं तर कुणी फारसा रस दाखवत नाही. ठिकाण आणि वर्ष लिहिलेली यादी हातात असली की बोलणं पुढे सरकतं.

परदेशातल्या भावंडांकडे वाटणी करून न्यायच्या असतील, तर विमानतळावरच्या एक्स-रेची भीती बाळगू नका. तो न धुतलेल्या फिल्मला बाधतो, धुऊन तयार झालेल्या स्लाइडला त्यानं काही होत नाही. डबे मात्र हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात देऊ नका, आणि निघण्याआधी फाइल्सची एक प्रत इथे उघडून तपासलेली असू द्या.